नामा की हीइरे : साकेची बाटली कोणती घ्यावी?

जपानला गेलात आणि साकेची, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूची, एकच बाटली घ्यायची ठरली, तर आधी एवढंच ठरवा : ती उघडणार कुठे? तिथेच हॉटेलच्या खोलीत, की पुण्याला घरी?

बहुतेक साके दोनदा तापवतात, ६०-६५ अंशांपर्यंत. एकदा साठवण्याआधी, एकदा बाटलीत भरताना. याला म्हणतात हीइरे. नामाझाके एकदाही तापवत नाहीत. (नामा म्हणजे कच्चं. ‘नामा म्हणे’चा विनोद टोकियोतल्या आमच्या निशिकासाईच्या मराठी मंडळींत करून झालाय.) न तापवल्यामुळे कोजीची (तांदळावर वाढवलेल्या बुरशीची) एन्झाइम्स जागी राहतात, बूच बंद असलं तरी आत चव पालटत असते. नीरा पहाटेच का प्यावी हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आणखी सांगायला नको.

एप्रिलमध्ये एकाच कारखान्याच्या दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून प्यायलो. नामाला पिकल्या केळ्याचा, खरबुजाचा वास. जिभेवर आधी गोडी, मग बारीक चुरचुर. हीइरे केलेली आधी मुकीच वाटली. कोमट केली तेव्हा कुठे तांदूळ बोलायला लागला. नामा बहुधा थंडच पितात. शिवाय बऱ्याच नामात पाणी घातलेलं नसतं, म्हणजे नेहमीच्या १५-१६ऐवजी १७-१८ टक्के अल्कोहोल. गोडीला भुलून भराभर पिऊ नका.

जेवणाचं म्हणाल, तर नामाला तेलकट किंवा कडवट काहीतरी हवं. वसंतातल्या फुकिनोतो या रानकळ्यांचा तेंपुरा (जपानी भजी), काराआगे म्हणजे तळलेलं चिकन, आणि आमच्या घरी रवा लावून तळलेली कोळंबी. पांढऱ्या माशाच्या साशिमीवर (कच्च्या कापांवर) मात्र ती कुरघोडी करते. तिथे हीइरेच बरी. भाजलेला बांगडा, ओदेन या रश्शात मंद शिजवलेला मुळा, हेही तिचंच. मालवणी कालवणापुढे दोघींनी हात टेकले.

लेबलावर फसू नका. नामा-चोझो भरताना एकदा तापवतात, नामा-झुमे साठवण्याआधी एकदा. शरदात येणारी हियाओरोशी सहसा या दुसऱ्या जातीची. भाजलेल्या सान्मा माशाबरोबर ती मला या सगळ्यांत जास्त आवडते.

नामा पाच अंशांखाली ठेवावी लागते. माझी एक बाटली उन्हाळ्यात ओट्यावर राहिली, तर खवट शेंगदाण्यांचा वास सुटला. सगळी मोरीत ओतली. म्हणून पुण्याला न्यायची ती हीइरे. विमानतळावर दोन लिटरपर्यंत शुल्क नाही, ७२० मिलिलिटरच्या दोन आरामात बसतात. नामा घेतलीत तर दुकानाच्या फ्रिजमधून काढाल त्याच रात्री उघडा. चौघं असाल तर माणशी १८० मिलिलिटर, म्हणजे जपानी मापाने बरोबर एक गो.