क्रूगर सफारी: बुकिंग नंबर खरा होता, पैसे कुणी भरलेच नव्हते

आधी आकडा: 2,86,400 रुपये. पहिले 50,000 यूपीआयने, मग 1,36,400 आणि 1,00,000 एनईएफटीने. सहल ठरवून देणाऱ्या एजंटाला दिले, तेही कंपनीच्या नव्हे, कुणा बाईच्या बचत खात्यात. ‘मिसेसचं खातं आहे, जीएसटीचं काम चालू आहे,’ असं तो म्हणाला. हो, ठेवला विश्वास. हसायचं तर हसा.

दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर राष्ट्रीय उद्यान, जुलै महिना, चार माणसं, पाच रात्री उद्यानातल्या कॅम्पांत: स्कुकुझा दोन, साटारा दोन, लोअर साबी एक. गाडी आपली आपण चालवायची. (‘आपल्या साताऱ्याचं नाव आहे बघा!’ असं म्हणून त्याने साटारा गळ्यात मारलं. ते नाव हिंदीतल्या ‘सत्रह’ या आकड्यावरून आलं असं सांगतात.)

खोटी वेबसाइट, खोटी पावती हे प्रकार आता सगळ्यांना ठाऊक आहेत. म्हणून तेच तपासत बसलो, आणि तिथे खोटं काहीच नव्हतं. क्रूगरमधल्या कॅम्पांचं आरक्षण सॅनपार्क्स या तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या संस्थेकडे केलं जातं. तिथे आधी तात्पुरतं बुकिंग मिळतं: खरा नंबर, खऱ्या तारखा आणि पैसे भरायची मुदत. मुदत टळली की खोली सुटते. या माणसाने बुकिंग केलं, पत्र मला पाठवलं आणि माझे पैसे खिशात घातले. गाडीचंही तेच. पैसे काउंटरवर भरायचं आरक्षण, व्हाउचर मात्र ‘प्रीपेड’ म्हणून माझ्या हातात.

पत्राची पीडीएफ आली नव्हती, फोटो आला होता. त्यावर कॅम्प, खाटा, तारखा, पासपोर्टवरच्या नावांची स्पेलिंगं, सगळं बोट ठेवून तपासलं. जिथे एकूण रक्कम, जमा आणि बाकी छापलेली असते, बरोब्बर तिथे फोटो संपत होता. कडेला करड्या पट्टीतल्या अक्षरांचे नुसते शेंडे दिसत होते. वरच्या कोपऱ्यात ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरतं) हा शब्द तर चक्क छापलेला. तो वाचला, आणि व्हिसा लागेपर्यंत असं लिहीत असतील अशी स्वतःची समजूतही घातली! वर शहाणपणा केला, सॅनपार्क्सला फोन लावून विचारलं, ‘या नंबरवर बुकिंग आहे का?’ ‘आहे.’ असणारच, त्या दिवशी होतंच. प्रश्न चुकला. विचारायचं ते हे: पूर्ण पैसे जमा आहेत का, बाकी शून्य आहे का? आणि हे निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा विचारा.

‘तिथे फोर बाय फोर लागतेच’ असंही तो म्हणाला होता. साफ खोटं. मुख्य रस्ते डांबरी आहेत. कच्चे रस्तेही हिवाळ्यात (तिथे जुलै म्हणजे हिवाळा) कोरडे असतात, साधी हॅचबॅक आरामात जाते. वेगाची मर्यादाच डांबरावर ताशी 50, कच्च्यावर 40 किलोमीटरची. उंच गाडीतून गवतापलीकडचं जरा जास्त दिसतं, एवढाच काय तो फायदा. हे मला माहीत होतं. तरी वाटलं, माणूस काळजीवाहू दिसतो.

‘एंट्री फी इन्क्लुडेड’ ऐकलं की कागद-पेन्सिल घ्या. ही फी माणशी आणि रोजची असते. परदेशी प्रौढाला 500 रँडच्या (रँड हे तिथलं चलन) वर, म्हणजे तिथल्या नागरिकाच्या साधारण चौपट. चौघांची पाच दिवसांची फीच दहा हजार रँडच्या पुढे जाते. एवढा गुणाकार केला असता तर त्याचा दर कुठेच बसत नव्हता.

क्रूगरच्या फाबेनी गेटवर कळलं, तिन्ही कॅम्पांचं बुकिंग केव्हाच रद्द झालंय. तिथल्या शाळांना सुट्टी, कॅम्प भरलेले. बाहेर हेझीव्ह्यू गावात पाच रात्रींचे 13,750 रँड गेले, गाडीचे 9,840. शिवाय क्रेडिट कार्डावर 20,000 रँडचा होल्ड, म्हणजे गाडी परत करेपर्यंत अडवून ठेवलेली रक्कम. (होल्डसाठी लिमिट मोकळं ठेवा, आणि कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं.) बाहेर राहिलं की जुलैत गेट सकाळी सहाला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचनंतर आत थांबता येत नाही. साटाऱ्याचा एस-100 रस्ता पहाटेच्या उजेडात बघायचा तर मुक्काम साटाऱ्यातच लागतो. तो गेला तो गेलाच.

आता इथली कथा. बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच केलात, ओटीपी तुम्हीच टाकलात, अनधिकृत व्यवहाराचा नियम तुम्हाला लागू नाही. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी ‘घटना आफ्रिकेत घडली, तिकडे तक्रार करा’. अहो, पैसे इथल्या खात्यातून इथल्याच खात्यात गेलेत! दुसऱ्या दिवशी ‘हा दिवाणी मामला’. तिसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तावर, आणि हवालदाराचा प्रश्न, ‘पण सिंह दिसला का?’ बँकेला एफआयआर नंबर हवा, ठाण्याला बँकेचं पत्र हवं. दोघांच्या मधे मी, झेरॉक्सच्या गठ्ठ्यासकट. ऐकून घेण्याचेही उपकार केल्यासारखे चेहरे. जाताना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 छापून न्या, हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत 318. हे त्यांना मी सांगायचं!

पैसे गेल्याचं लगेच कळलं तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करा, रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी. मला चार महिन्यांनी कळलं. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ती केली आहे. पुरावा म्हणून जोडलाय तोच अर्धवट कापलेला फोटो.