एट्रियल फिब्रिलेशन: गोळ्या की अ‍ॅब्लेशन?
एट्रियल फिब्रिलेशनचं, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकाराचं, निदान झालं की ठोक्यांची लय राखायला गोळ्या घ्याव्यात की अ‍ॅब्लेशन (हृदयात नळी नेऊन करायची प्रक्रिया) करावं, या पेचात अनेकजण पडतात. गोळ्या लगेच सुरू करता येतात, पण चुकवून चालत नाही. अमिओडॅरोन नावाची गोळी असेल तर थायरॉइड, यकृत तपासत राहावं लागतं.

अ‍ॅब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून कॅथेटर ही बारीक नळी नेऊन फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी भरकटलेले विद्युतसंदेश अडवतात. लय टिकवण्यात ते सहसा सरस. तरी त्रास परतू शकतो, आणि क्वचित रक्तस्राव किंवा पक्षाघातही होतो.

लय सुधारली म्हणून रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपणहून कधीच बंद करू नका! ती पक्षाघाताच्या धोक्यावरून ठरते.

त्रास सौम्य असेल, तर गोळ्या पुरू शकतात. औषधं घेऊनही धडधड थांबत नसेल किंवा हृदय अशक्त होत असेल, तर अ‍ॅब्लेशनबद्दल लवकर विचारा.