लॉजिक मॉडेल दहा महिने वापरून: सत्तरीतल्या बायांच्या कामाचा अनुभव

गेल्या गणेशचवथीच्या आधी सुरू केलं होतं, आता परत पाऊस लागला, म्हणून लिहायला बसले. आमची संस्था छोटी, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पाच-सहा वाड्यांवर स्वयंसाहाय्य गटांबरोबर काम. कंपनी कायद्यातली २ टक्के सीएसआरची, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामाला पैसे द्यायची, तरतूद २०१३ ची, त्यातून एक फंडर मिळाला आणि त्यांनी सांगितलं प्रपोजलला लॉजिक मॉडेल जोडा. मी म्हटलं झालं, अजून एक फॉर्म.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉजिक मॉडेल म्हणजे कामातून बदल कसा घडणार ते दाखवणारा तक्ता. पाच खाने, डावीकडून उजवीकडे, एकातून दुसऱ्याकडे बाण: काय लावणार (पैसा, माणसं), काय करणार, त्यातून मोजता येईल असं काय निघणार (आउटपुट), त्यामुळे लोकांच्यात काय बदलणार (आउटकम) आणि शेवटी दूरचा परिणाम, म्हणजे इम्पॅक्ट. अमेरिकेतल्या केलॉग फाउंडेशन ह्या देणगीदार संस्थेची मार्गदर्शिका आहे, नवख्यांना तीच बरी. त्यात जवळचे आउटकम १ ते ३ वर्षांत, लांबचे ४ ते ६ आणि इम्पॅक्ट ७ ते १० वर्षांत असं धरलंय. आमच्या फंडरला इम्पॅक्ट बारा महिन्यांत हवा होता. असो.

पहिलं मॉडेल मी एकटीने ऑफिसात, एक्सेलमध्ये, दोन तासांत भरलं. भिरंडांची (कोकमाच्या फळांची) सोलं म्हणजे वाळवलेल्या साली आणि आगळ म्हणजे खारवलेला रस करायचं ट्रेनिंग, ३० बाया, पॅकिंग, विक्री, मिळकत वाढली. सगळे बाण सरळ. फंडर खूश, पैसे आले, ऑक्टोबरात ट्रेनिंग झालं, ३० च्या जागी ३४ बाया आल्या, रिपोर्टमध्ये फोटोसकट आउटपुट १०० टक्क्यांच्या वर! आणि आउटकमच्या खान्यात टाकायला काहीच नाही, कारण ऑक्टोबरात भिरंडं असतात कुठे?

तेव्हा कुठे नीट वाचायला घेतलं. लॉजिक मॉडेलचा थोरला भाऊ म्हणजे लॉगफ्रेम, १९६९ मध्ये युएसएड ह्या अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेसाठी बनवलेला, त्याच्यात चौथा कॉलमच गृहीतकांचा असतो. हे हे झालं तर ते ते होईल, पण काय काय धरून चालतोय आपण? पाच खान्यांच्या साध्या तक्त्यात ती जागाच नव्हती आणि मीही ती केली नव्हती.

डिसेंबरात चार्टपेपर घेऊन बायांच्यातच जाऊन बसलो. या वेळी उजवीकडून सुरुवात केली, आधी शेवटी काय हवं ते, मग मागे मागे येत गेलो. प्रत्येक बाणाखाली "हे होण्यासाठी काय खरं असावं लागतं" असं विचारत होते. 'भिरंडं मिळतात, ती उन्हात वाळवतात, विकतात' ह्या बाणाशी एक काकी म्हणाली, "गो, भिरंडं पिकतात तेव्हा आम्ही काजूच्या बागेत असतो, दिवसाचा रोज मिळतो तिथे." झालं. काजूचा हंगाम आणि भिरंडांचा हंगाम एप्रिल-मेत एकमेकांवर येतो, हे सगळ्या गोव्याला माहीत, माझ्या एक्सेलला नाही. बरं, लोक पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायचं, सामान भरतात तेही पावसाच्या आधी, म्हणजे करायचं आणि विकायचं त्याच काही आठवड्यांत, उशीर केला तर सोलं भिजणार आणि गिऱ्हाईकही गेलेलं.

माझी मोठी तक्रार इथेच आहे. ह्या तक्त्यात वेळ दिसत नाही. बाण सांगतो कशातून काय, पण कधी ते सांगत नाही. आता आम्ही प्रत्येक खान्याखाली महिना लिहितो, मराठी महिनासुद्धा चालतो, बायांना तोच पटकन कळतो.

दुसरी तक्रार, तक्ता नीट भरला म्हणजे मूल्यमापन झालं असं नाही. आम्ही बेसलाइन, म्हणजे काम सुरू करण्याआधीची स्थिती, नोंदवून घेतलीच नव्हती. मिळकत वाढली असं बाया सांगतात, पण किती होती? शिवाय जिने काजूचा रोज सोडून सोलं केली तिची वाढ खरी किती, ह्यासाठी आधी सोडलेला रोज वजा करावा लागतो. जानेवारीत मग घरोघरी फिरून जमेल तेवढं मागच्या वर्षीचं विचारून घेतलं. आठवणीवरची बेसलाइन, कच्चीच, पण कोरी जागा नको म्हणून.

फायदा एक मात्र पक्का. आधी मीटिंगमध्ये "काम छान चाललंय" एवढंच असायचं, आता कुठला बाण तुटलाय ते बोट ठेवून दाखवता येतं. ह्या मेमध्ये गटांनी पाळी लावली, निम्म्या काजूत, निम्म्या सोलांना, पैसे वाटून. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला दोनदाच जमलं, बस बदलून जायचं म्हणजे पहाटे उठावं लागतं, तिसऱ्यांदा कुणी तयार नव्हतं. तेही आता गृहीतकांत लिहिलंय.

फंडरला नवा तक्ता पाठवला तर उत्तर आलं, फॉरमॅट बदलू नका. म्हणून सध्या दोन ठेवतो, एक त्यांचा स्वच्छ टाइप केलेला, आणि एक चार्टपेपरवरचा, आगळाचे डाग पडलेला, जो आम्ही खरा वापरतो.