‘जागा बदलली ना, म्हणून जुलाब’ : पिल्लू घेताना होणारी फसवणूक

पुण्यात कुत्र्याचं पिल्लू विकताना ही फसवणूक ठरलेल्या पद्धतीने चालते. पिल्लू जिथे वाढलं ती जागा दाखवायचीच नाही. ‘तुम्ही कशाला त्रास घेता, आम्हीच आणून देतो’ म्हणत चांदणी चौकात नाहीतर कात्रजला गाडीतून पिल्लू हातात द्यायचं आणि पैसे तिथल्या तिथे घ्यायचे. तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले की फोनवर उत्तर तयारच असतं: ‘जागा बदलली ना, होतं असं. एक गोळी द्या, दोन दिवस थांबा.’

हे दोन दिवसच जिवावर बेततात.

उत्तर पटतं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. खाणं अचानक बदललं की शी सैल होते. पण असं पिल्लू खेळत असतं, वाटी चाटून पुसून संपवतं. जुनं खाणं सात-आठ दिवसांत हळूहळू बदललं की शी बांधून येते. पार्वोमध्ये, म्हणजे आतड्यांवर हल्ला करणाऱ्या जीवघेण्या विषाणूच्या आजारात, पिल्लू आधी वाटीकडे पाठ फिरवतं. मग उलट्या, मग पाण्यासारखी, सडक्या वासाची शी, अनेकदा रक्त पडतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात. म्हणजे घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी आजारी पडलेलं पिल्लू बहुधा लागण घेऊनच आलेलं असतं.

जुलाब थांबवायच्या गोळीने आतड्याची हालचाल मंदावते, शी दिसेनाशी होते आणि आजार आत तसाच वाढतो. हिरड्या कोरड्या, चिकट लागल्या किंवा मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसली, तर शरीरातलं पाणी कमी झालंय. त्याच तासाला व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा. पार्वो आहे का हे बघणारी शीची रॅपिड टेस्ट साधारण दहा मिनिटांत होते. आजाराच्या सुरुवातीला ती निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून लक्षणं असतील तर पुन्हा करायला सांगा.

घेण्याआधी शेपटी उचलून पाहा. तिथले केस कात्रीने कापलेले, ओले किंवा पावडर लावलेले असतील तर जुलाब लपवलेत असं समजा. पिल्लाला तुमच्यासमोर खायला द्यायला सांगा आणि अर्धा तास तिथेच बसा. लहान पिल्लं खाल्ल्यावर लवकरच शी करतात. ती डोळ्यांनी बघा. विकणारा घाई करू लागला तर उठून या.

लसीच्या कार्डावर कुपीचं स्टिकर, बॅच क्रमांक, तारीख आणि व्हेटची सही व नोंदणी क्रमांक हवा. त्या व्हेटना स्वतः फोन लावा. ४५ दिवसांच्या पिल्लाला ‘दोन डोस झालेत’ हे सहसा खोटं असतं, कारण पहिला डोसच ६ ते ८ आठवड्यांत देतात. आणि कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही.

पिल्लू दगावलं की ‘बदली पिल्लू देतो’ म्हणतात. कृपा करून लगेच घेऊ नका. पार्वोचा विषाणू घरात, बागेच्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाइलवर भरवसा ठेवता येत नाही. फरशी आधी धुऊन घ्या, मग १ भाग ब्लीच ३० भाग पाण्यात मिसळून निदान दहा मिनिटं ओली राहू द्या. अंथरूण, वाट्या, खेळणी टाकून द्या.