मणी चांगले, हूक कुचकामी: माळा-ब्रेसलेटच्या किटचा एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

मण्यांबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. किटमधले काचेचे मणी, लाकडी मणी, पांढरे प्लास्टिकचे मोती आजही वापरात आहेत. माझी तक्रार हुकाची आहे. माळेच्या मागे, मानेवर जो पेरभर धातूचा तुकडा असतो, तो. याबद्दल मी लांबलचक लिहिणार आहे, कारण हे किट घेण्याआधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले त्यातल्या एकातही हुकावर चार ओळी नव्हत्या. लोक रंग बघतात, खणांचा डबा बघतात आणि पार्सल उघडल्या दिवशीच पाच तारे देऊन मोकळे होतात. आम्ही रत्नागिरीत भाट्याच्या बाजूला राहतो. इथे सायकलची साखळी, कुलूप, खिडकीच्या बिजागऱ्या, सगळ्यालाच खारं वारं खातं. इथल्या माणसाने धातूच्या वस्तूला तारे द्यायचे ते एक पावसाळा काढल्यावरच.

किट मी संक्रांतीच्या सुमारास ऑनलाइन मागवलं, साडेआठशे रुपयांना. आत काय होतं: ८/० चे बारीक काचेचे मणी, ६ आणि ८ मिलिमीटरचे गोल मणी, इलॅस्टिक, गिअर वायर (माळ ओवायची बारीक तार), गिअर लॉक (वायरीचं टोक पक्कं करायला चेपायचा बारीक धातूचा मणी), जम्प रिंगा (हूक जोडायच्या बारीक कड्या), लॉबस्टर हूक (खेकड्याच्या नांगीसारखा उघडणारा), दोन पकडी. घरात माझी मुलगी, दोन पुतण्या, नणंदेच्या मुली. गणपतीत सगळ्या इथे असतात आणि प्रत्येकीला काहीतरी द्यावं लागतं. बाजारात बरी दिसणारी इमिटेशन माळ अडीचशेच्या खाली मिळत नाही. शिवाय दर वर्षी तेच ते डिझाइन. हिशेब उघड होता.

उन्हाळाभर मी या किटवर बेहद्द खूश होते. मे महिन्यात दुपारी बाहेर पाय टाकवत नाही, तेव्हा पडवीत बसून ओवायचं. एकदा आकडे डोक्यात बसले की काम भराभर होतं. १६ इंचांच्या माळेला ८ मिलिमीटरचे पन्नासेक मणी लागतात, ६ चे अडुसष्टच्या आसपास, ४ चे शंभर. बारीक मण्यांचा आकडा उलटा चालतो, म्हणजे ६/० मोठा, ८/० मध्यम, ११/० अगदी बारीक. हे कळलं की पुढची खरेदी चुकत नाही. ब्रेसलेटचं माप मनगटावर टेप लावून घेतलं तरी मणी जाड असला की आतला घेर कमी होतो, म्हणून ८ मिलिमीटरच्या मण्याला माप पाऊण-एक इंच वाढवून धरायचं. किटबरोबरच्या कागदावर यातलं काहीही लिहिलेलं नाही. कागदावर फुलाची चित्रं आहेत.

इलॅस्टिकबद्दल एप्रिलमध्ये मी मैत्रिणींना सांगितलं होतं की हे घेऊच नका, चार दिवसांत सैल होतं. ते मत आता बदललं आहे. इलॅस्टिक ओवण्याआधी हाताने दोन-चार वेळा चांगलं ताणून घेतलं, की त्याला जे सैल व्हायचं ते आधीच होतं आणि मग ब्रेसलेट लोंबत नाही. काचेच्या जड मण्यांना ते दुहेरी घ्यायचं. गाठ मारताना पहिला पीळ एकाऐवजी दोनदा घ्यायचा, मग पक्की करायची आणि गाठ शेजारच्या मण्याच्या भोकात ओढून घ्यायची. असे केलेले ब्रेसलेट मुलींच्या हातात अजून आहेत. खोबरेल तेल आणि घाम त्याला मारक आहेत, म्हणून डोक्याला तेल लावताना काढून ठेवायला सांगते. ऐकतात असं नाही. तरीही इलॅस्टिकला पास.

आता हूक.

जूनमध्ये पाऊस लागला. तयार माळा मी डब्यात, प्रत्येक माळ वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या होत्या. पाण्याशी त्यांचा संबंध आला नाही. श्रावणात मंगळागौरीला पुतणीला एक माळ घालायला काढली, तर हुकाच्या आणि जम्प रिंगेच्या सांध्यात हिरवट पूड. बाहेरचा सोनेरी रंग जागेवर होता, पण जिथे कडी कडीला घासते तिथला उडून आतलं पितळ उघडं पडलं होतं. माळ संध्याकाळपर्यंत गळ्यात राहिली आणि काढल्यावर पोरीच्या मानेवर हिरवा पट्टा उमटला. साबणाने गेला. पण नणंदेच्या मुलीच्या मानेवर पुरळ आलं, आणि डॉक्टरांनी निकेलची ॲलर्जी सांगितली. स्वस्त मुलाम्याच्या खाली बहुतेक वेळा निकेलचा थर असतो. मग मी सगळा डबा पालथा घातला. ज्या ज्या माळेला किटमधला हूक होता, तिची तीच गत.

गिअर वायरचं दुखणं वेगळं. ही वायर म्हणजे पोलादाच्या केसासारख्या तारांचा पीळ, वरून नायलॉनचं वेष्टन. चांगल्या वायरीत १९ किंवा ४९ तारा असतात, किटमधलीत ७. म्हणून ती ताठ असते आणि एकदा दुमडली की दुमड जात नाही. वेष्टन आहे तोवर तिला गंज लागत नाही, पण टोक कापलं की तिथे तारा उघड्या पडतात. ते टोक नेमकं गिअर लॉकच्या आत दडलेलं असतं. लॉक पकडीने चेपला की त्याच्या कडा वायरीवर बसतात, वेष्टन चिरतं आणि ओल आत शिरते. मी एक लॉक सुईने उकलून मुलीच्या शाळेच्या भिंगाखाली पाहिला. सातातल्या तीन तारा तांबूस होऊन तुटलेल्या होत्या, उरलेल्या चारांवर माळेचा सगळा भार. गौरी जेवायच्या दिवशी एक माळ पानावर बसल्या बसल्या तुटली ती याच जागी. मणी वरणात.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, परत करायची मुदत सात दिवसांची होती. मी लिहिलं की सात दिवसांत समुद्रकाठी काय कळणार? उत्तर आलं, दागिने ओलाव्यापासून जपावेत. मी विचारलं, हूक कशाचा आहे तेवढं सांगा. ‘प्रीमियम अलॉय.’ कोणता अलॉय? ‘प्रीमियम क्वालिटी, मॅम.’ असं तीन वेगवेगळ्या नावांच्या माणसांनी मला सांगितलं आणि पितळ हा शब्द एकानेही उच्चारला नाही. मला पैशांपेक्षा याची चीड आली. साडेआठशे रुपये घेता आणि वस्तू कशाची आहे ते सांगत नाही? जाहिरातीत मात्र ‘रस्ट फ्री’ लिहिलेलं आहे. मी त्या पानाचा फोटो काढून ठेवला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. त्यानंतर हालचाल झाली, अर्धे पैसे परत आले. ‘रस्ट फ्री’ अजून तिथेच आहे. कोणाला असा अनुभव आला तर जाहिरातीचा फोटो आधी काढा, मग भांडा.

दरम्यान मीच शोध घेतला. मिरकरवाडा बंदराकडे बोटीचं सामान विकणारी दुकानं आहेत. तिथल्या एका दुकानदाराला हूक दाखवला तर त्याने नखाने खरवडून बाजूला ठेवला आणि म्हणाला, “वहिनी, हे पितळ. तुम्हाला स्टील पाहिजे, आणि त्यातसुद्धा ३१६.” ३०४ आणि ३१६ ही दोन्ही स्टेनलेस स्टीलच, पण ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि त्यामुळे ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं. घरातली चांगल्या प्रतीची ताटं-वाट्या साधारणपणे ३०४ ची. बोटीवरच्या कड्या, शॅकल ३१६ चे. त्याच्याकडे दागिन्याच्या मापाचं काही नव्हतं, पण काय मागायचं ते कळलं. ऑनलाइन ३१६ चे लॉबस्टर हूक शोधले, एक नऊ-दहा रुपयांना पडला. किटमधला हूक घाऊक बाजारात जेमतेम रुपया-दोन रुपयांचा असेल. म्हणजे एका माळेमागे आठ रुपये वाचवायला कंपनीने आख्खी माळ घालवली.

नवे हूक आल्यावर मी किटमधला एक, आणखी एका ठिकाणाहून घेतलेला ३०४ चा एक आणि ३१६ चा एक, असे तीन हूक समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या कापसात गुंडाळून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले. कापूस वाळला की परत ओला करायचा. किटमधला दुसऱ्याच सकाळी हिरवा. ३०४ वर पुढे चहाच्या डागासारखे बारीक तांबूस ठिपके आले, पुसल्यावर गेले. ३१६ ला काही झालं नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी हा प्रयोग घरी करावा, मीठ घातलेलं साधं पाणीही चालेल.

आणि मग सासूबाईंनी हुकाचा प्रश्नच निकालात काढला. रुखवतातलं मोतीकाम त्यांनी आयुष्यभर केलंय, तोरणं, महिरपी, ताटाभोवतीच्या नक्षी. त्या सगळ्याला तंगूस, म्हणजे मासे धरायच्या गळाला असतो तसा नायलॉनचा एकेरी दोरा, वापरायच्या. माझी माळ हातात घेऊन म्हणाल्या, “याला लोखंड-पितळ कशाला हवंय गो? गुंडी आणि फास कर.” एका टोकाला मोठा मणी, तो गुंडी. दुसऱ्या टोकाला बारीक मणी ओवून केलेला फास, ज्यातून गुंडी जेमतेम जाईल एवढाच. धातूचा कणही नाही. दोरा गुंडीतून जाऊन परत माळेत चार-पाच मणी मागे न्यायचा, मध्ये मध्ये गाठ मारत, आणि मग कापायचा.

दोरा कुठला, यावर आमचं एकमत नाही. तंगूस सरळ असते, सुईशिवाय ओवता येते, पण तिची गाठ सुटू बघते आणि उन्हात ती कडक होऊन तुटते. दारावरची मोत्यांची तोरणं काही वर्षांनी आपोआप गळतात ती म्हणूनच. गळ्यातल्या माळेला मी जाळी तुणायचा बारीक पीळदार नायलॉन दोरा वापरते. बंदरावर रीळ मिळतं, किटमधल्या दोऱ्याच्या तुलनेत फुकटच म्हणायचं. ६ आणि ८ मिलिमीटरच्या मण्यांत तो आरामात जातो, ११/० मध्ये जात नाही. टोकाला मेणबत्तीचं मेण चोळलं की सुईचंही काम नाही. नायलॉन ओला झाला की किंचित लांबतो, म्हणून माळ फार सैल ओवू नये. दोन मण्यांमध्ये गाठ मारायची तर वेळ तिप्पट लागतो, पण पटवेकरी सच्चे मोती गाठवताना हेच करतात: मणी मण्याला घासत नाही, आणि दोरा तुटला तरी एखादाच मणी खाली पडतो. सासूबाईंचा तन्मणी असाच रेशमात गाठवलेला आहे. वरणात पडलेली माळ मी तशीच गाठवून परत केली. पुतणीने ती कॉलेजला घातली.

बाकी किरकोळ. चांदीचं अस्तर असलेले काचेचे मणी, म्हणजे भोकातून चकाकणारे, ते पावसाळ्यात आतून काळपट पडले. एकरंगी अपारदर्शक मणी होते तसे आहेत. लाकडी मण्यांवर भुरी आली, कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवल्यावर गेली. पकडी बऱ्या आहेत, त्यांना मशीनचं तेल लावून ठेवते. डबा मात्र खरंच चांगला, आता त्यात बटणंही आहेत.

मग हे किट घ्यावं का? मुंबई-पुण्याकडे राहत असाल तर घ्याच कशाला, भुलेश्वरला किंवा रविवार पेठेत जाऊन मणी सुटे घ्या, वजनावर खूप स्वस्त पडतात. देशातलेच हवेत तर उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे काचेचे मणी विचारा, काम साफ असतं. आमच्यासारखं लांब राहत असाल आणि पहिल्यांदाच सुरुवात करत असाल तर मण्यांसाठी आणि डब्यासाठी किट वसूल होतं. धातूची पुडी बाजूला काढा. मी ती भंगारवाल्याला दिली. मुलगी म्हणत होती ठेव, शाळेच्या प्रोजेक्टला होईल, पण परत कोणाच्या तरी मानेवर जायला नको.

मण्यांना चार तारे, हुकाला शून्य. यंदा पौषाच्या आधी मला लग्नाच्या दोन रुखवतांसाठी माळा करायच्या आहेत, त्या सगळ्या गुंडी-फासाच्या. नवीन किट घेणार असाल तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: हूक पितळेचा, ३०४ चा की ३१६ चा? ‘प्रीमियम’ असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा.