फाइट स्टिक, आठ महिन्यांनंतर: सगळं ठीक, फक्त तो एक कोपरा सोडून

साडेआठ हजारांना घेतलेली स्टिक, म्हणजे मारामारीचे व्हिडिओ गेम खेळायचा दांडा-बटणांचा कंट्रोलर. बटणं, वायर, वजन सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते खाली-उजव्या कोपऱ्याबद्दल.

स्ट्रीट फायटर ६ मध्ये मी रयू हा फायटर खेळतो, क्लासिक कंट्रोलवर, म्हणजे चाली दांडा फिरवूनच काढायच्या. शोर्युकेन, म्हणजे उसळून वर मारायचा ठोसा, ६-२-३ आणि पंच: पुढे, खाली, मग तिरकं खाली-पुढे (आकडे म्हणजे कीबोर्डच्या नंबरपॅडवरच्या दिशा, ६ उजवीकडे, ४ डावीकडे, २ खाली). सहाव्या महिन्यात झालं असं, की समोरचा उडी मारून अंगावर येतोय आणि माझा रयू खाली बसून हवेत ठोसा मारतोय. तेही फक्त डाव्या बाजूला उभा असलो की. बाजू बदलली की तीच चाल, ४-२-१, लोण्यासारखी निघायची.

ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट दाखवणारी पट्टी लावून बसलो. ६ येतंय, २ येतंय, ३ गायब. गंमत म्हणजे सरळ उजवीकडे चालताना काहीच अडचण नाही.

कंपनीला मेल केला. हाडोकेनही (हातातून सुटणारा गोळा, २-३-६ आणि पंच) नीट येत नाही, मध्येच भलतीच चाल निघते, हेही त्यात घातलं. उत्तर आलं, व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग बारा दिवसांनी: "इनपुट देण्याची पद्धत तपासावी." वर वॉरंटी सहा महिन्यांची, ती त्या बारा दिवसांतच संपली. ‘फालतू माल, घेऊ नका’ असं इथे लिहायलाच बसलो होतो.

नवी चांगली स्टिक वीस हजारांच्या पुढे. तेवढे पैसे एका कोपऱ्यासाठी घालणाऱ्यातला मी नाही. तळाचे सहा स्क्रू काढले. आत चार साधे मायक्रोस्विच, दिशेला एक. तिरक्या दिशेला वेगळा स्विच नसतो, दोन शेजारी एकदम दाबले गेले की झाली तिरकी. माझ्या स्टिकची गेट, म्हणजे दांडा कुठवर जाईल ते अडवणारी चौकट, गोल आहे. दांडा सगळीकडे सारखाच लांब जातो, त्यामुळे कोपऱ्यात तो उजव्या स्विचकडे सरळ ढकलल्याइतका सरकतच नाही. उजवा स्विच मऊ पडून उशिरा लागत होता. सरळ ढकलल्यावर लागायचा, कोपऱ्यात राहून जायचा. चौकोनी गेट असती तर मला वर्षभर कळलंही नसतं.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत स्विच मिळाला, चाळीस रुपयांना. दुकानदाराने विचारलं, "ओव्हनच्या दाराला पाहिजे का?" हो म्हटलं. काय समजावणार? चार घेतले.

बसवल्यावर शोर्युकेन परत आली, हाडोकेनही सुधारली. पण पुढे चालता चालता हाडोकेन मारायला गेलो की अजूनही शोर्युकेनच! पट्टी पाहिली: ६-२-३-६. चालतानाचा ६ गेम लक्षात ठेवतो आणि त्यावर २-३-६ चढलं की त्याला आत ६-२-३ सापडतं. दांडा क्षणभर मध्ये सोडायला हवा, मी सोडत नव्हतो. म्हणजे माझी निम्मी तक्रार माझ्याच हाताची होती, आणि त्या मेलवाल्याचं निम्मं बरोबर होतं. हे लिहिताना जीव जातोय, पण आहे ते आहे. स्विचबद्दल मात्र त्याला माफी नाही.

भाचा म्हणतो, "मामा, कंट्रोल मॉडर्न कर ना, एक बटण दाबलं की शोर्युकेन." दाबतो तो, आणि मी उडी मारली की दरवेळी खातो. शॉर्टकटने मारलं तर डॅमेज २० टक्के कमी होतं, हे मी त्याला प्रत्येक वेळी हरल्यावर ऐकवतो. लहानपणी पार्लरमध्ये रुपयाच्या नाण्यात ‘आडुगेन’ (हाडोकेनच ते) निघावं म्हणून अंगठ्याची सालं काढलीत, आता बटण दाबायचं?

तीन तारे देतो. गेट चौकोनी दिली असती तर चार.

उरलेले तीन स्विच ड्रॉवरमध्ये आहेत. कालपासून खालचा जरा मऊ वाटतोय.