हाँगकाँगचं डिमसम: रात्री साडेबाराला की पहाटे तीनला?

हाँगकाँगला निघालेल्या ओळखीच्या लोकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: रात्री उशिरा डिमसम (चहाबरोबर खायचे, छोट्या टोपल्यांतून येणारे, बहुतेक वाफवलेले पदार्थ) खायचं तर कुठे? माझं उत्तर ‘कुठे’पेक्षा ‘किती वाजता’ यावर अडतं. कौलूनमध्ये जॉर्डन-माँगकॉक भागात मध्यरात्रीपर्यंत गजबजलेली रेस्टॉरंटं आहेत, आणि हाँगकाँग बेटाच्या पश्चिम टोकाला, केनेडी टाउनमध्ये, पहाटे तीनला उघडणारं सुन हिंग आहे. दोन वर्षं तिथे नोकरीला होतो, तेव्हा दोन्हीकडे भरपूर खाल्लंय.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला कौलून सोपं. फोटोवाला मेनू, पेन्सिलीने खुणा करायचा कागद, तोंडाने एक शब्द न बोलता पोट भरतं. कँटोनीजमध्ये या अवेळच्या खाण्याला ‘सिउ ये’ म्हणतात, आणि सिउ येचा कल्ला बघण्यासारखा असतो. गोल टेबलाभोवती आठ-दहा जण, भांडण चाललंय की विनोद ते कळू नये असा आवाज, किटलीचं झाकण तिरकं ठेवलं की न मागता गरम पाणी. मेट्रो एकच्या सुमारास बंद होते, त्याआधी उठलं की परतायचीही चिंता नाही. लहान मुलं बरोबर असतील तर पुढचं वाचूच नका, इथेच जा.

माझं बिनसलं ते ‘माइ साइ’वरून. माइ साइ म्हणजे संपलं. साडेबाराला कागद भरून द्यावा आणि वेटरने उभ्या-उभ्या काट मारत जावं: हार गाऊ (कोळंबी भरलेली वाफवलेली करंजी), माइ साइ. चेउंग फन (तांदळाच्या पिठाची मऊ गुंडाळी), माइ साइ. राहिलं काय, तर कोंबडीचे पाय आणि आपण कधीच न मागितलेलं काहीतरी. एका नेहमीच्या जागी हे इतक्यांदा झालं की मी खुणा करण्याआधी आत काय आहे तेच विचारायला लागलो. एकदा हार गाऊ मिळालं, तर चॉपस्टिक लागताच कोळंबी बशीत आणि वरची पारी टोपलीतल्या कागदाला चिकटलेली. हार गाऊची पारीही एक प्रकारची उकडच, फक्त तांदळाऐवजी कुरडईला काढतो तशा गव्हाच्या सत्त्वाची. वाफेवर विसरलेल्या मोदकाचं काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. स्वयंपाक्यांना दोष देत नाही, त्यांचा दिवस संपत आलेला असतो.

सुन हिंगमध्ये त्याच सुमाराला दिवस सुरू होतो, इतकाच काय तो फरक. पण तोंडात पडल्यावर तो फार मोठा वाटतो. टोपल्यांच्या चळती, वाफेचा ढग, आणि आपणच उठून झाकणं उचलत हवं ते घ्यायचं. जे दिसतं ते आहे. हाँगकाँग विद्यापीठाची जागरण केलेली पोरं, टॅक्सीवाले, पेपर घेऊन आलेले आजोबा, सगळे एकाच टेबलावर कोपराला कोपर लावून. पहिल्या दिवशी शेजारच्या आजोबांनी एक शब्द न बोलता माझा पेला ओढला, गरम चहाने विसळला आणि परत ठेवला. मला रीत माहीत नव्हती हे त्यांना लांबूनच दिसलं असणार.

लाऊ सा बाओ हा वाफवलेला गोल पाव नक्की घ्या. आत खारवलेल्या बदकाच्या अंड्याच्या बलकाचं वाहतं सारण असतं. घाईने चावलात तर जीभ भाजते, माझी दोनदा भाजली. तळलेलं दूध, म्हणजे थिजवलेल्या दुधाचे तळलेले तुकडे, तेही घ्या.

अडचणी आहेतच. त्या वेळी मेट्रो नसते, टॅक्सीच करावी लागते. इंग्रजीचा फारसा उपयोग नाही. झोपेचं खोबरं होतं ते वेगळंच. शाकाहाऱ्यांचे हाल मात्र दोन्हीकडे सारखेच. मुळ्याची वडी बघून हुरळू नका, तिच्यात सुकी कोळंबी आणि सॉसेज असतं. अंडं चालत असलं तरी मा लाइ गो नावाचा वाफवलेला केक चरबीबद्दल विचारूनच घ्यावा.

ज्याची-त्याची आवड, पण एकच रात्र हातात असेल तर मी दहालाच झोपेन आणि अडीचचा गजर लावेन. दोघं असाल तर एकाने खुर्च्या धराव्यात, दुसऱ्याने थेट टोपल्यांकडे जावं. चहाला पो लेई सांगा, तेलकटावर तोच बरा.